मऊ आवाजात बोलू नका

चादरींच्या खोलीत माणूस असेल असं भिंगरीला वाटायचं काही कारणच नव्हतं.

अख्ख्या दवाखान्यात शांत अशी ती एकच जागा. चारही भिंतींना छतापर्यंत धुतलेल्या चादरी, अभ्रे, ब्लँकेटं. आवाज आत शिरला की त्यांच्यातच रुतून बसायचा. म्हणून तर ती तिथे रेकॉर्डिंग करायची. पाठीला बॅग, गळ्यात हेडफोन, हातात रेकॉर्डर अशा थाटात तिनं दार कोपरानं ढकललं, आणि आतून कुणीतरी म्हणालं,

“हॅलो मावशी, आई मस्त आहे! एकदम मस्त… छे, मस्त नको. हॅलो मावशी, आई तशी ठीक… हट्!”

ब्लँकेटांच्या गठ्ठ्यावर एक तरुण बसला होता. विस्कटलेले केस, कानाला फोन. आणि फोनचा पडदा काळा ठार.

“फोन बंद आहे तुमचा,” भिंगरी म्हणाली.

“माहितीये. तालीम चाललीये.”

“मावशीला फसवायची?”

“मावशीला न रडवायची. ती रडली की मग मला पण… म्हणजे, इथे धूळ फार आहे हो.” त्यानं घाईघाईनं डोळे पुसले.

“धुतलेल्या चादरी आहेत.”

“मग साबण असेल.”

भिंगरीला हसू आलं, आणि लगेच आपण हसलो म्हणून वाईटही वाटलं. तिचं हे नेहमीचंच. लहानपणापासून एका जागी पाय ठरत नाही म्हणून घरच्यांनी तिचं नाव भिंगरी पाडलं होतं, आणि दवाखान्यात येऊन आठवडा होतो न होतो तोच सिस्टर, वॉर्डबॉय, लिफ्टमन, सगळे तेच म्हणायला लागले होते. अतिदक्षता विभागाच्या मोठ्या मॅडमचं एक संशोधन चालू होतं, त्यात ती मदतनीस होती.

संशोधन ऐकायला सोपं होतं. श्वासाच्या मशीनवर असलेल्या माणसाच्या घशात नळी असते. ती सोसावी म्हणून त्याला गुंगीचं औषध देतात. गुंगी जास्त झाली की माणूस मशीनवरून लवकर सुटत नाही, कमी झाली की घाबरतो, तडफडतो, नळीच ओढायला जातो. मॅडमचं म्हणणं असं, की रोज सकाळी औषध कमी करताना कानात घरच्या माणसाचा आवाज लावून बघू. ओळखीचा आवाज ऐकून माणूस न घाबरता जागा झाला, तर औषध कमी लागेल आणि जिवाला आरामही पडेल. तो आवाज गोळा करायचा, आणि सकाळी पलंगाशी उभं राहून रुग्णाला आकडा द्यायचा, ही भिंगरीची कामं. शून्य म्हणजे जागा आणि शांत. शून्याखाली गुंगी, शून्यावर तगमग.

“बरं, आता उठा,” ती म्हणाली. “मला ही खोली लागणारे. खिडकीजवळच्या काकूंचा मुलगा येतोय रेकॉर्डिंगला. ड्रायव्हिंग स्कूलवाल्या काकूंचा.”

“आलाय तो,” तरुण म्हणाला. “अर्ध्या तासापासून तुमच्या ब्लँकेटवर बसलाय.”

घ्या! भिंगरीचे कान तापले.

त्याला सगळे मास्तर म्हणत. गाडी शिकवायचा ना! स्कूल आईचं. वडील गेल्यावर तिनं एकटीनं चालवलेलं. सकाळच्या गाडीवर आई, संध्याकाळच्या गाडीवर हा. साधा खोकला म्हणता म्हणता आईच्या दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया पसरला, आणि आता ती काचेपलीकडे मशीनच्या श्वासावर पडून होती.

“हा कागद. एवढंच म्हणायचं,” भिंगरीनं त्याला समोर बसवलं. “पण नीट.”

त्यानं वाचलं. आवाज असा खणखणीत, की वरच्या फळीवरून एक अभ्रा घसरला.

“अहो, हळू! आजारी माणूस आहे ते!”

“माझा आवाजच हा आहे. दिवसभर ओरडतो मी. त्यावरच पोट चालतं माझं.”

“इथे नाही चालणार. मऊ बोला… सायीसारखं.”

“सायीसारखं?” त्यानं तिच्याकडे असं बघितलं, की तिनं उगाच रेकॉर्डरची तार सरळ केली. ती सरळच होती. मग त्यानं डोळे मिटले, खोल श्वास घेतला, आणि अगदी निराळ्या, दबक्या आवाजात म्हणाला,

“आई… घाबरू नकोस. तू दवाखान्यात आहेस. घशात नळी आहे, म्हणून बोलता येत नाहीये. मी इथेच आहे. सगळं ठीक आहे…”

भिंगरीच्या अंगावर काटा आला. बटण बंद करायचं ती विसरूनच गेली.

“जमलं?” त्यानं डोळे उघडले.

“हं… म्हणजे हो. चालेल.” चालेल काय! सोनं होतं ते! इतका गोड आवाज तिच्या आजवरच्या रेकॉर्डिंगमध्ये नव्हता. हा आवाज ऐकून दगडसुद्धा शांत होईल, असं तिला वाटलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काकू पिसाळल्यासारख्या तडफडल्या.

आधी सगळं छान होतं. औषध हळूहळू कमी केलं, पापण्या हलल्या, भुवई वर गेली. भिंगरीनं त्यांच्या कानांना हेडफोन लावून रेकॉर्डिंग सुरू केलं. ‘आई… घाबरू नकोस…’ झालं! नाडी धडाधड वर. मशीन कोकलायला लागलं. काकूंचे डोळे टक्क उघडे, त्यात नुसती भीती, आणि हात थेट नळीकडे. सिस्टरनी झेप घेऊन हात धरला नसता तर नळी बाहेरच होती.

“औषध वाढवा,” मॅडम म्हणाल्या.

भिंगरीनं आकडा लिहिला. अधिक तीन. लिहून मान वर केली, तर काचेपलीकडे मास्तर उभा. त्याचा तळवा काचेवर टेकलेला होता आणि चेहरा चुन्यासारखा पांढरा.

पुढच्या दिवशीही तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच! रेकॉर्डिंग लावलं रे लावलं की काकूंचा जीव कासावीस. शेवटी मॅडमनी मास्तरला खोलीत बोलावून समजावलं. नळी घशात फार दिवस ठेवता येत नाही. सोमवारी सकाळी आणखी एकदा बघू. शांतपणे जाग आली तर नळी काढू. नाहीतर गळ्याला छेद देऊन तिथून श्वासाची वाट करावी लागेल. तात्पुरतीच असते, घाबरायचं कारण नाही, पण तोवर त्यांना बोलता येणार नाही, आणि घरी जाणंही लांबेल.

मास्तरनं मान हलवली. त्याला ‘छेद’ याच्यापुढचं काही ऐकू गेलं नव्हतं, हे भिंगरीला दिसत होतं.

बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला, “माझं रेकॉर्डिंग काढून टाका.”

“अहो, पण…”

“माझाच आवाज नकोय तिला. दिसत नाही का तुम्हाला?” आणि तो जिना उतरून निघून गेला.

भिंगरीला जेवण गेलं नाही. डबा उघडला, बंद केला, परत उघडला. माणूस आपल्याच मुलाच्या आवाजाला इतका का घाबरेल? की आपलंच काही चुकतंय? त्यात काकूंची काळजी किती आणि त्या जिना उतरून गेलेल्या माणसाची किती, हेही तिला कळेना, आणि कळेना म्हणून आणखी घाबरायला झालं. ती उठली आणि तडक खाली गेली.

दवाखान्यामागच्या मोकळ्या जागेत, भुरभुर पावसात, ड्रायव्हिंग स्कूलची ती पिवळी गाडी उभी होती. मास्तर आत होता, पण स्टिअरिंगसमोर नाही. शेजारच्या सीटवर, शिकवणाऱ्याच्या. सवयच तशी. म्हणून भिंगरी फिरून पलीकडे गेली आणि दार उघडून बेधडक स्टिअरिंगसमोर जाऊन बसली.

“रेकॉर्डिंग मी काढणार नाही,” ती म्हणाली.

“गाडी येते का तुम्हाला?”

“नाही.”

“मग तिथे काय बसताय?”

“दुसरी जागा ठेवलीये का तुम्ही? मागच्या सीटवर सगळे स्कूलचे बोर्डच भरलेत!”

तेवढ्यात वॉचमननं काचेवर टकटक केली. “ओ, गाडी मागे घ्या जरा! अँब्युलन्स वळायचीये.”

“घ्या मागे,” मास्तर शांतपणे म्हणाला.

“मी?!”

“मी आहे ना. माझ्या पायाखालीही ब्रेक आहे. चावी फिरवा.”

भिंगरीनं चावी फिरवली. गाडी थरथरली, भिंगरीही. आणि मग तो सुरू झाला!

“क्लच! क्लच दाब आधी! अगं तो ब्रेक! डावा पाय, डावा! देवानं दोन दिलेत ना? पुढे काय बघतेस, जायचंय मागे! आरसा कशाला लावलाय, टिकली बघायला?”

“ओरडू नका!”

“ओरडत नाहीये, शिकवतोय! सोड, हळू सोड… हळू म्हणजे आज, उद्या नाही!”

भिंगरी हसत सुटली. गंमत म्हणजे तिला जराही भीती वाटत नव्हती. शेजारी हा माणूस इतक्या ठणठणीत आवाजात ओरडतोय म्हणजे जगात सगळं जागच्या जागी आहे, असंच काहीतरी वाटत होतं. गाडी इंचाइंचानं मागे सरकली, एक गचका बसला, मागून ‘खट्’ असा आवाज आला आणि इंजिन बंद पडलं.

मास्तरनं मागे वळून बघितलं. मग तिच्याकडे वळला, आणि अगदी दबक्या, सायीसारख्या आवाजात म्हणाला,

“हं… घाबरू नकोस. काही नाही झालं. सगळं ठीक आहे…”

भिंगरीच्या काळजाचं पाणी झालं.

“कोण आलं चाकाखाली?” ती किंचाळली. “सांग ना! कोण आलं?”

“कुणी नाही! कुंडी आहे, कुंडी!”

“खोटं बोलतोयस! मग असं का बोललास?”

“असं म्हणजे?”

“असं… कुणीतरी गेल्यासारखं!”

बोलली आणि आपलेच शब्द तिला ऐकू आले. काचेवर पावसाचे थेंब येत होते, एकमेकांत मिसळून खाली ओघळत होते.

“मास्तर,” भिंगरीनं हळूच विचारलं, “घरी तू कधी बोलतोस या आवाजात?”

“घरी? घरी आम्ही दोघं भांडतच असतो. चहात साखर किती, यावरसुद्धा. या आवाजात…” तो अडखळला. “गाडी नाल्यात घातली तेव्हा. परीक्षेत गटांगळी खाल्ली तेव्हा. आणि… बाबांच्या वेळी. मी दवाखान्यातून फोन केला होता तिला. ‘आई, घाबरू नकोस’ असंच म्हणालो होतो. तेवढ्यानंच कळलं तिला. पुढचं सांगावंच लागलं नाही.”

“म्हणजे रोज सकाळी,” भिंगरी म्हणाली, “त्या गुंगीतून वर येतात, आणि कानात तोच फोन…”

मास्तरनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

त्याच्या खांद्यावर हात ठेवावा का? ठेवू नये? तिचा हात अर्ध्यात गेला, थबकला… आणि मग ठेवलाच तिनं.

“तुझं काही चुकलं नाही,” ती म्हणाली. “मी सांगितलं होतं मऊ बोल म्हणून. मीच!”

तिथून ती पळत सुटली ती थेट मॅडमच्या खोलीत. मॅडम चष्मा कपाळावर चढवून कसलासा आलेख बघत होत्या. भिंगरीनं एका दमात सगळं सांगितलं. मॅडमनी संशोधनाच्या नियमांचा कागद काढून तिच्यापुढे धरला. “इथे काय लिहिलंय?”

“‘नातेवाईकानं रोजच्या आवाजात बोलावं.’”

“‘मऊ’ कुठे आहे?”

“कुठेच नाही,” भिंगरी रडवेली झाली. “ते मी घातलं. मला वाटलं, आजारी माणसाशी सगळे असंच बोलतात.”

“म्हणूनच आजारी माणसं घाबरतात,” मॅडम म्हणाल्या. रागावल्या होत्या, पण डोळ्यांत काहीतरी चमकलंही होतं. “घडलं ते सगळं लिहून दे. आजवर जेवढ्यांना मऊ बोलायला लावलंस, त्यांचंही परत तपासू. आणि जा, रोजचा आवाज घेऊन ये.”

या वेळी रेकॉर्डिंग गाडीतच झालं. मास्तर कागद हातात धरून म्हणाला, “कसं बोलू?” भिंगरी म्हणाली, “क्लच चुकलाय असं समज.” त्यानं कागद बाजूला ठेवला.

“आई! ए आई! ऐकतेस का? दवाखान्यात आहेस तू. न्यूमोनिया झालाय. सांगत होतो खोकला अंगावर काढू नकोस, पण माझं कोण ऐकतंय! घशात नळी आहे, ती श्वासासाठी आहे, बोलता यायचं नाही. जरा वेळ गप्प बसायची सवय लागेल तेवढीच. नळी ओढायची नाही, सांगून ठेवतो! तुझी सकाळची बॅच मी घेतोय, सगळे म्हणतात तुझ्यापेक्षा बरा शिकवतो. पटत नसेल तर ऊठ आणि ये भांडायला!”

शेवटच्या शब्दाला आवाज जरासा फाटला. “परत घेऊ?” त्यानं विचारलं.

“नको,” भिंगरी डोळे पुसत म्हणाली. “साबण गेला डोळ्यात.”

सोमवार उजाडला. भिंगरी पलंगाशी उभी राहिली. सिस्टर औषधाच्या पंपाशी तयार. मॅडम पायथ्याशी. भिंगरीनं पेन काढलं, काकूंच्या चेहऱ्याकडे बघितलं. मिटलेले डोळे, ओठांच्या कोपऱ्याला चिकटपट्टीचा वळ. आणि तिला एकदम कळलं, की आज या काकूंनी हात उचलला, मान झटकली, डोळे वटारले, तरी आपल्याला ते दिसणार नाही. आपल्याला जे हवंय तेवढंच दिसेल.

“सुरू करू?” सिस्टरनी विचारलं.

“थांबा!” भिंगरी म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. “मॅडम… आज आकडा दुसऱ्या कुणीतरी द्या.”

“का गं?”

“मला शून्यच हवाय.”

“आम्हा सगळ्यांना शून्यच हवाय.”

“तसा नाही, मॅडम. मला… म्हणजे मी…” तिनं कागदच मॅडमच्या हातात कोंबला. “काचेपलीकडे जो उभा असतो ना, त्याच्यासाठी हवाय. फार हवाय. मी खरं नाही बघू शकणार आज.”

सिस्टरनी तोंडाला हात लावला. मॅडम मात्र भिंगरीच्या खांद्यावरून मागे बघत होत्या. भिंगरीनं वळून पाहिलं. आज काचेपलीकडे कुणी नव्हतंच. मास्तर हात धुऊन, निळा गाऊन घालून दारात उभा होता. कोणी बोलावलं होतं त्याला आत?

“नळी निघाली तर जवळ असावा म्हणून मीच बोलावलं होतं,” मॅडम म्हणाल्या. “पण आकडा होईपर्यंत आता दोघंही बाहेर जा. नातेवाईकांच्या बाकावर बसा. आणि भिंगरी…”

“हो, मॅडम?”

“असं येऊन सांगणारी माणसं मला संशोधनात लागतात. जा.”

बाक गार होता. रोज या बाकासमोरून भिंगरी तरातरा जायची, पण बसली कधीच नव्हती. इथून ते दार एवढं मोठं दिसतं? आतलं काहीच ऐकू येत नाही? मशीनचा आवाजसुद्धा नाही?

“मॅडमना काय सांगितलंस?” मास्तर समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला.

“ऐकलंस ना.”

“पाठमोरी होतीस. समोरून ऐकायचंय.”

“आत्ता? इथे? माझ्या पोटात गोळा आलाय, आणि तू…”

“माझ्या पोटात तर दगड आहे. म्हणून तर म्हणतो, काहीतरी बोल.”

“मग तूच बोल आधी.”

तो बोलला, ना खणखणीत, ना सायीसारखं. अगदी साध्या आवाजात, जो तिनं अजून ऐकलाच नव्हता. “भेटायची वेळ संपली तरी मी खाली गाडीत बसून राहायचो. तुझी सुट्टी होईपर्यंत. तू फाटकातून गेलीस की मग घरी जायचो. आई वर अशी, आणि मला तुझी वाट बघायची ओढ… स्वतःचीच लाज वाटायची.”

“वेडा!” भिंगरी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणीच आलं. “हाक का नाही मारलीस? मी रोज जिना मुद्दाम हळू उतरायची.”

“तू? हळू?”

“माझ्या मानानं हळू!”

तो हसला. मग दोघंही हसले आणि दाराकडे बघून चटकन थांबले. त्याचा हात बाकावर होता, तिचाही. मध्ये वीतभर जागा होती… मग तेवढीही उरली नाही. त्याचा तळवा घामानं ओला होता. आत काय चाललं असेल? रेकॉर्डिंग लावलं असेल? नाडी? हात? तिनं त्याची बोटं इतकी आवळली, की तो “अगं, मोडशील,” म्हणाला, आणि सोडवून मात्र घेतली नाहीत.

दार उघडलं. सिस्टर बाहेर आल्या. चेहऱ्यावर मास्क, त्यामुळे काही म्हणजे काही कळेना. दोघंही उभे राहिले.

“शून्य,” सिस्टर म्हणाल्या. “डोळे उघडले, मॅडमनी सांगितलं तसा हात दाबला, नळीला बोटसुद्धा लावलं नाही. उलट तुमचं भाषण ऐकून भुवया अशा चढवल्या, की मॅडमनाच हसू आलं! नळी काढायची तयारी चाललीये. चला, एका नातेवाईकाला बोलावलंय.”

मास्तर दोन पावलं पुढे गेला आणि वळला.

“जा ना!” भिंगरी म्हणाली. “एकालाच बोलावलंय. आणि मऊ बोललास तर बघ!”

तो गेला. दार मिटलं. भिंगरी धपकन बाकावर बसली. नळी निघेपर्यंत, काकू स्वतःचा स्वतः श्वास घेईपर्यंत काही खरं नव्हतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं!

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक आजी कधीपासून पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या सरकत सरकत जवळ आल्या आणि त्यांनी आपला थंड, सुरकुतलेला हात तिच्या गुडघ्यावर ठेवला.

“बाळ, तुझं कोण गं आत?”

एरवी ती पटकन म्हणाली असती, माझं कुणी नाही आजी, मी इथे काम करते.

“दोघं आहेत, आजी,” भिंगरी म्हणाली.